ऐन सुमाकचा गहू

नायेफभाईंनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ते मागे मागे चालत गेले.

"घट्ट धरा, टीचर. ढिली दोरी भांडण लावते."

सुताची जुनी दोरी होती, दर दोन हातांवर गाठ मारलेली. एप्रिलचा रविवार. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि माती बुटांना चिकटत होती. माझ्या मराठी वर्गाची सात मुलं कडेला ओळीत उभी होती. हॉलमध्ये बसून 'वाफा' आणि 'ढेकूळ' हे शब्द फळ्यावर लिहिण्यापेक्षा मुलांनी ते हातात धरावेत, म्हणून मी त्यांना टेकडीवर आणलं होतं.

नॉटिंगहॅमच्या आमच्या भागात टेकडीच्या उतारावर कौन्सिलची जमीन आहे. तिच्या पट्ट्या लोकांना भाजीपाल्यासाठी कसायला देतात. तिला अलॉटमेंट म्हणतात. इथेच जयंत आणि नायेफभाई वीस वर्षं शनिवार-रविवार काढत आले होते. जयंत, म्हणजे माझे यजमान, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. नायेफभाई, मूळचे अरब, तिथलेच पोर्टर. पेशंटची ट्रॉली ढकलत थिएटरपर्यंत आणायची आणि परत न्यायची, हे त्यांचं काम. दोघंही निवृत्त झाले तरी टेकडी सुटली नाही. मधून विटांची पायवाट होती. अलीकडे शेडजवळ जयंतची मेथी आणि कोथिंबीर, पलीकडे नायेफभाईंचे वाल, काकड्या आणि चार मोठे वाफे भरून गहू. अलीकडचं आमचं, पलीकडचं त्यांचं, असं मी धरून चालले होते.

फेब्रुवारीत जयंत गेले. मेथीच्या वाफ्यात तण माजलं होतं. नायेफभाईंनी तो वाफा खणला आणि म्हणाले, "डॉक्टरांची जागा रिकामी नको. मुलांना आणा."

दोरीने त्यांनी त्या वाफ्याच्या सात पट्ट्या पाडल्या. मग प्रत्येकाला एकेक खडा उचलायला सांगितलं. वेदने चॉकने आपल्या खड्यावर फुली मारली, माझ्या नातीने, उर्वीने, फूल काढलं. सगळे खडे कापडी पिशवीत गेले.

"सर्वांत लहान कोण?"

सहा वर्षांची सिया पुढे ढकलली गेली.

"तू काढायचे. आमच्या गावात सर्वांत लहान मूल खडे काढायचं. त्याचा हात अजून कोणाच्या बाजूचा झालेला नसतो."

सिया एकेक खडा काढत गेली आणि ज्याचा त्याचा खडा पट्टीच्या डोक्याशी ठेवला गेला. शेवटी तिचा स्वतःचाच उरला. सातवी पट्टी कुंपणाबाहेरच्या मोठ्या झाडाच्या सावलीत होती. सियाने वर बघितलं आणि तिला रडू फुटलं.

"दिस इज नॉट फेअर! माझी पट्टीला सन नाही!"

"मीच खडे काढले आणि मलाच सावली," उर्वी तिला चिडवत म्हणाली. मी तिला डोळे दाखवले.

नायेफभाई खाली बसले. उजव्या खुब्याचं हाड झिजलं होतं, म्हणून आधी डावा गुडघा टेकायचा, मग फावड्याला धरून उजवा. "ऐक. पुढच्या वर्षी परत खडे टाकायचे. सावलीवाल्याला तेव्हा परत सावलीत सोडायचं नाही. तेव्हा ऊन तुझं."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. वल्लाह."

वेदला वेगळाच प्रश्न पडला होता. "पण मग खरी ही कोणाची?"

"कोणाची म्हणजे? गावाची. दर दोन वर्षांनी दोरी, दर दोन वर्षांनी खडे. आज नदीकाठची पट्टी माझी, मग तुझी. म्हणून आमच्या शेतात कोणी झाड लावत नसे. झाडाला एक मालक लागतो."

मी चटकन बघितलं. खरंच, एवढ्या वर्षांत त्यांनी प्लॉटवर एकही झाड लावलं नव्हतं. सफरचंदसुद्धा नाही.

*

त्या वर्षीचा जुलै इथल्या माणसांनी कधी पाहिला नव्हता असा तापला. टेकडीच्या पायथ्याशी टाकी, तिला एकच नळ, आणि पाइप लावायला बंदी. नायेफभाई दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन चढ चढत. वर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असे. मुलं शाळेच्या बाटल्यांनी पाणी घालायची. आपल्या पट्टीला घालता घालता उर्वी सियाच्या पट्टीलाही घालायची, कोणी बघत नाही असं पाहून. मुळात सियाची पट्टी सावलीत असल्याने तिचीच कोथिंबीर तरली होती, हे तिला कोणी सांगितलं नाही.

महिन्याच्या मध्याला गव्हाची कणसं हिरवी असतानाच नायेफभाईंनी कापायला घेतली. विळा त्यांनी कुठूनतरी जुन्या बाजारातून आणला होता. त्यांची बायको, शम्सा, पेंढ्या बांधत होती. पत्र्यावर वाळल्या काटक्या पेटवून त्यांनी कणसं ज्वाळेवर धरली.

"आजी! आजी, ही गहू बर्न होतो! सांग ना त्यांना!"

"जळू दे गं. बघ तू."

कुसळं तडतडली, धूर डोळ्यांत गेला. शम्साने जळकी कणसं तळव्यांत चोळली, फुंकर मारली. आत हिरवे, ओले, धुरकट दाणे. वीस वर्षांपूर्वी जयंतनी हे पहिल्यांदा खाल्लं, तेव्हा ते घरी येऊन ओरडले होते, "अगं, ओंब्या! त्या पोर्टरने मला ओंब्या खायला घातल्या!" दुसऱ्या शनिवारपासून ते टेकडीवर जायला लागले. मी विचारायची, अहो, तुम्हाला काय कळतं शेतातलं? ते म्हणायचे, "मला काही कळायला लागत नाही. मी चहा नेतो."

दाणे खाताना सगळ्यांची तोंडं काळी झाली. मुलं शेडच्या सावलीत बसली.

"अंकल, तुमच्या व्हिलेजचा किंग कोण होता?" सियाने विचारलं.

शम्सा हसली. "कोणता सांगू म्हणावं."

"माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळी तुर्क," नायेफभाई म्हणाले. "आमचं गाव ऐन सुमाक. चाळीस घरं, एक झरा, काळे दगड. तुर्कांचा कारकून घोड्यावरून आला. मोठी वही. म्हणाला, जमीन कोणाकोणाची ते सांगा, नावं लिहितो. काही भोळ्या लोकांनी नावं दिली. पुढच्या वर्षी सैनिक आले, तीच वही घेऊन. वहीतली माणसं उचलली, येमेनच्या लढाईवर नेली. एक परत आला, पाय नसलेला."

"मग?"

"मग म्हाताऱ्यांनी ठरवलं, आपलं नाव वहीत नको. शहरात एक अफंदी होता. मोठा माणूस, भला माणूस. आमचा गहू तोलून घ्यायचा, कधी फसवलं नाही. त्याला म्हणाले, सगळ्या गावाची जमीन तुमच्या नावावर लिहा. आम्ही कसतो, तुम्ही फक्त नाव द्या. तो म्हणाला, बरं. तो जिवंत होता तोवर सगळं ठीक होतं."

"म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. मी पुढे समजावलं नाही.

"मग फ्रेंच आले. लाल-पांढऱ्या काठ्या, लोखंडी साखळी. आमच्या दोरीला हसले. म्हणाले, खडे टाकणं बंद, कागद दाखवा. अफंदीचा नातू कागद घेऊन आला. त्याला आमचं काही माहीतच नव्हतं. वाईट नव्हता तो पोरगा. त्याला वाटलं, आजोबांची जमीन आहे. झालं, गाव त्याचं. माझा बाप आपल्याच शेतात मजूर."

"हाऊ मीन!" उर्वी म्हणाली.

"मग फ्रेंच गेले. मग आमचेच लष्करवाले. एका वर्षात तीन राज्यं बदलली. आमचे मास्तर खुर्चीवर चढून वर्गातला फोटो बदलायचे. शेवटी म्हणाले, नायेफ, तू उंच आहेस, तूच बदलत जा. फोटो नवीन, खिळा तोच." मुलं हसली. "मग एक सरकार आलं, त्याने अफंदीच्या नातवाची जमीन काढून आम्हाला वाटली. माझ्या बापाला कागद दिला. तो घ्यायला तयार नव्हता. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, शहाणा. मी म्हटलं, बाबा, आता काळ बदलला, उठव अंगठा. बापाने अंगठा उठवला."

शम्सा विस्तवावर पाणी शिंपडायला उठली.

"मग?" वेद म्हणाला.

"पुढच्या जूनमध्ये लढाई झाली. इस्रायलची विमानं आली, मग सैन्य आलं. गहू उभा होता. आम्ही चालत निघालो. बापाने तो कागद बिस्किटाच्या डब्यात घातला. गाव मग पाडलं. झरा आहे म्हणतात अजून." त्यांनी तोंड पुसलं, काळा डाग गालभर पसरला. "शंभर वर्षांत आमचं नाव त्या जमिनीवर एकच वर्ष होतं."

सियाने विचार केला. "मग तुम्ही सॅड आहात?"

"आता मी ओंब्या खातोय," नायेफभाई म्हणाले. तो शब्द जयंतनी त्यांना शिकवला होता.

*

ऑगस्टमध्ये जयंतच्या नावाचे कागद येतच होते. पेन्शन, बँक, गाडी, वाचनालय. राजीवने, माझ्या मुलाने, एक फाइल करून दिली होती आणि मी रोज सकाळी चहानंतर एक फॉर्म भरायची. तीस वर्षं इथल्या प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांना एकच सांगत आले, कोरी जागा सोडायची नाही. उत्तर येत नसेल तर 'येत नाही' लिहा, पण लिहा.

अलॉटमेंटचा फॉर्मही आला. दरवर्षीच्या नूतनीकरणाचा. प्लॉट सत्तावीस, भाडेकरू डॉक्टर जयंत अमुक. मी लिहिलं, भाडेकरूचं निधन झालं आहे. खाली चौकट होती, प्लॉट यापुढे नको. मी क्षणभर थांबले. मेथीचा तो एवढासा तुकडा. मुलांसाठी नायेफभाई त्यांच्या बाजूला जागा देतीलच. टेकडीवर प्लॉटसाठी रांग आहे, लोक तीन-तीन वर्षं थांबतात, हे जयंतच सांगायचे. आपण काही करत नसताना जमीन अडवून धरणं बरं नव्हे. मी चौकटीत खूण केली. आणखी एक ओळ होती: या प्लॉटवर दुसरं कोणी काम करतं का, नाव लिहा. मागच्या वर्षांच्या प्रती फाइलमध्ये होत्या. प्रत्येक वर्षी जयंतनी ती ओळ कोरी सोडली होती. मला नवल वाटलं, एवढे काटेकोर आणि ओळ कोरी. मी लिहिलं, 'कोणी नाही.' सोबत चार ओळींचं पत्र जोडलं, की ही जागा एखाद्या लहान मुलांच्या कुटुंबाला मिळावी.

पाकीट टाकून परत येताना मला हलकं वाटलं होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. पत्राबद्दल आभार मानले होते. जागा महिनाअखेर मोकळी करावी. मी ते घेऊन टेकडीवर गेले. नायेफभाई गव्हाचे वाफे खणत होते. खत मिसळून जमीन तयार ठेवायची, ऑक्टोबरमध्ये पेरणी. फावडं मातीत घालायचं, डाव्या पायाने दाबायचं, उजव्यावर भार न देता उलटायचं. त्यांची ती एक लय होती.

"नायेफभाई, तुम्हाला नवीन शेजारी मिळणार. आमचा तुकडा मी परत दिला."

"कोणता तुकडा?"

"डॉक्टरांचा. सत्तावीस नंबर."

फावडं मातीत तसंच उभं राहिलं. त्यांनी हात पुसले नाहीत, तसाच कागद घेतला. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागे. ओठ हलत होते. आकड्यावर येऊन थांबले.

"टीचर, अठ्ठावीस त्या पोलिश माणसाचा आहे. सव्वीस त्या बाईंचा, कोंबड्या पाळते ती." त्यांनी हात फिरवला. विटांची पायवाट, वाल, काकड्यांचा मांडव, चार वाफे, शेड. "हे सगळं सत्तावीस."

मला आधी समजलंच नाही. मग पायवाटेकडे बघितलं. साध्या विटा. हद्द नव्हे. चिखल होऊ नये म्हणून टाकलेल्या.

"पण तुमचं नाव..."

"मीच डॉक्टरांना म्हटलं होतं, माझं नाव नको. तुमचं द्या. मोठा माणूस, भला माणूस." त्यांनी कागदाची घडी नीट घातली. "कोणाला सांगू नका म्हटलं होतं. त्यांनी तुम्हालाही नाही सांगितलं?"

"नाही."

"बघा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "शब्द पाळला."

मी रडायला लागले. त्यांनी शेडमधली जयंतची घडीची खुर्ची आणून उघडली आणि मला बसवलं. मग विचारलं, "पत्र तुम्ही हाताने लिहिलंत?"

"हो."

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

*

टेकडीच्या पायथ्याशी प्लॉटवाल्यांच्या सोसायटीची लाकडी खोपटी आहे. शनिवारी सकाळी तिथे सेक्रेटरी बसतात, मिसेस हॅलफर्ड, चहाची किटली आणि जाड वही घेऊन. आम्ही तिघं गेलो. शम्सा वाटभर नवऱ्याला अरबीत बोलत होती आणि मला कळावं म्हणून मधूनच इंग्रजीत.

"वीस वर्षं सांगतेय, तुझं नाव लिही. इथे कोण तुला येमेनला नेणार आहे? पण नाही. खापरपणजोबाने केलं तेच केलं. अफंदी शोधला. आणि अफंदी मेला." मग माझ्याकडे वळून, "तू नातू आहेस. समजलं? तू तो नातू."

"शम्सा," नायेफभाई म्हणाले.

"खोटं आहे का?"

"खोटं नाही," मी म्हटलं.

मिसेस हॅलफर्डनी माझा हात धरला. इथली माणसं सगळ्यांना 'डक' म्हणतात, बदक. माया असते त्यात. "काय झालं, डक? डॉक्टर फार चांगले होते हो." मी सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या, मग नायेफभाईंकडे बघून म्हणाल्या, "अरे देवा. मला वाटायचं हे तुमचे माळी आहेत."

नायेफभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, बघितली आणि परत घातली.

"सह-कसणारा म्हणून नाव असतं तरी मला करता आलं असतं," म्हणत मिसेस हॅलफर्डनी फॉर्म काढला. "पण बघा, डक. तुम्हीच लिहिलंय. कोणी नाही."

माझंच अक्षर. गोल, सुटं, मुलांना वाचता यावं असं.

"मी परत लिहून देते. चूक माझी आहे."

"जागा दिली गेली. सह्या झाल्या. बाळ आहे त्यांना, तीन वर्षं थांबली ती दोघं. तुम्हीच पत्रात लिहिलं होतं, लहान मुलांचं कुटुंब. मी कमिटीला वाचून दाखवलं. सगळ्यांना किती आवडलं." त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "मी एवढंच करू शकते. यादीत नाव घालते. नाव, पत्ता, सही."

त्यांनी वही फिरवली आणि पेन पुढे केलं.

नायेफभाई त्या पेनाकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी ढकलगाडीतून शेणखत नेत होतं, चाक कुरकुरत होतं. ते पार वर जाईपर्यंत ऐकू आलं.

"लिही," शम्सा म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता.

त्यांनी लिहिलं. आधी उजवीकडून डावीकडे, अरबीत. मिसेस हॅलफर्ड म्हणाल्या, इंग्रजीत लागेल. मग एकेक अक्षर वेगवेगळं, दाबून. एकसष्टावा नंबर. लिहून झाल्यावर त्यांनी हात पँटला पुसले, कामावरून उठताना पुसावेत तसे.

*

उरलेले दिवस आवराआवरीत गेले. काकड्यांचा मांडव सोडवला, सुतळ्या गुंडाळल्या. पाण्याची पिंपं आडवी केली. वालाच्या शेंगा अजून लागत होत्या, त्या शम्साने हिरव्याच खुडल्या. तयार केलेल्या चार वाफ्यांवर नायेफभाईंनी दंताळं फिरवलं, ढेकूळ राहू दिलं नाही.

"कशाला आता?" मी विचारलं.

"ज्याला मिळणार त्याला खडे नकोत."

शेवटच्या रविवारी मुलं आली. मी त्यांना सांगितलं होतं, सांगायचं ते सगळं, माझ्या चुकीसकट. शाळेत चुकलेलं उत्तर खोडून बरोबर लिहिता येतं, इथे आलं नाही, हेही सांगितलं. सियाच्या हातात तिचा खडा होता.

"अंकल, पण नेक्स्ट इयर माझी टर्न होती. सनची."

नायेफभाईंनी या वेळी खाली बसायचा प्रयत्न केला आणि खुब्याने साथ दिली नाही. ते उभेच राहिले. तिच्याकडे वाकून बघत होते. मग खड्यांची पिशवी आणि दोरी त्यांनी उर्वीच्या हातात ठेवली.

"घट्ट धर," एवढंच म्हणाले.

बियाण्याच्या गव्हाची बरणी ते घरी घेऊन गेले. त्यांच्या घराला बाग नव्हती, मागे फरशी घातलेलं अंगण, दोन्ही बाजूंना भिंती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्लास्टिकच्या डब्यांत गहू पेरला. उगवला, पण उन्हाकडे वाकून लांबला, पिवळा पडला आणि आडवा झाला. दुसऱ्या वर्षी परत पेरला. मी जायची तेव्हा ते खिडकीत बसलेले असत. खुब्याचं ऑपरेशन झालं, ट्रॉलीवरून नेताना म्हणे त्यांनी पोर्टरला वळण कसं घ्यायचं ते शिकवलं. टेकडीकडून आम्ही दोघंही जात नव्हतो. उर्वीने मात्र एकदा सांगितलं की सत्तावीस नंबरमध्ये सफरचंदाचं झाड लावलंय.

२००९च्या जानेवारीत, बर्फ पडलेला असताना, नायेफभाई गेले. शम्सा म्हणाली, झोपेत गेला, कोणाला त्रास न देता, सही मागितल्याशिवाय.

मार्चमध्ये ती माझ्या दारात आली. कोटाच्या आतून पाकीट काढलं. न फोडलेलं.

"वाच, टीचर. सरकारी आहे का?"

मी चष्मा लावला. सोसायटीचं पत्र होतं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न चुकता. आपला नंबर आला आहे. प्लॉट नऊ, ओढ्याकाठचा, दिवसभर ऊन असतं. दहा दिवसांत होकार कळवावा. खाली फॉर्म होता, तोच, चौकटींसकट.

मी वाचून दाखवलं. शम्साने विचारलं, "नाव कुठे आहे?" मी बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला करून तिथे स्वतःचं ठेवलं.

"म्हणजे आत्ता ती जमीन त्याच्या नावावर आहे?"

"त्यांच्यासाठी ठेवली आहे. उत्तर जाईपर्यंत." मी पत्राची शेवटची ओळ परत वाचली. "उत्तर नाही गेलं तर दुसऱ्याला देतील. तुझ्या नावावर करून मिळते का, मी जाऊन विचारते. आत्ताच जाऊ या. मी लिहून देते."

मी पेन शोधायला उठले. तिने मला मनगटाला धरून खाली बसवलं.

"माझे गुडघे गेले. मी काय खणणार," ती म्हणाली. "किती दिवस म्हणालीस?"

"दहा. पत्र परवाचं आहे. आठ राहिले."

तिच्या पिशवीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. तिने तो टेबलावर उघडला. आत एक तपकिरी, चौघडी कागद, कोपऱ्यात जांभळा अंगठा. तिने माझ्या हातातून पत्र आणि कोरा फॉर्म घेतला, दोन्हींची त्याच मापाची घडी घातली आणि त्या कागदाशेजारी ठेवली.

"मग आठ दिवस असू दे," शम्सा म्हणाली, आणि झाकण दाबून बसवलं.